कॉनिबेअर, हेन्री

कॉनिबेअर, हेन्री : (जन्म १८२३). एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश स्थापत्य अभियंते व वास्तुशिल्पज्ञ. मुंबई शहराला नळाने पाणी पुरविणाऱ्या पहिल्या मोठ्या योजनेचे, म्हणजेच विहार जलाशयाचे योजक म्हणून विशेष प्रसिद्ध. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत ब्रिटिश अभियंत्यांनी भारतात जी जलीय कामे केली त्यांत गंगा कालवा (१८५४) काढणारे प्रॉबी कॉटली आणि गोदावरी-कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशांत बंधारे बांधणारे आर्थर कॉटन यांची नावे अग्रभागी येतात. ही कामे शेतीच्या सिंचनासाठी होती. दाट वस्तीच्या शहरासाठी डोंगरातील खोरे अडवून, तेथील पाणी केवळ गुरुत्वाच्या बळावर दूरवर नेण्याचा भारतातील आरंभीचा मोठा प्रयोग मात्र कॉनिबेअर यांच्या नावाशी निगडित आहे. शहरात पाणी आणणे आणि शहरातून सांडपाणी बाहेर काढणे या एकाच कार्याच्या दोन बाजू आहेत. मुंबईत यांपैकी पहिली बाजू त्यांच्या योजनेने पुरी झाली, तर दुसरी अनेक वर्षे मागे राहिली. त्यामुळे त्यांच्या कार्याचा अभ्यास नागरी अभियांत्रिकीच्या दृष्टीने आजही उद्‍बोधक ठरतो.

जीवन : कॉनिबेअर यांचा जन्म विद्वान धर्मोपदेशकांच्या घराण्यात झाला. त्यांचे वडील विल्यम डॅनियल कॉनिबेअर (१७८७–१८५७) हे वेल्समधील लँडॅफ येथील कॅथीड्रलचे डीन होते. तथापि त्यांची खरी ख्याती भूवैज्ञानिक म्हणून आहे. प्लेसिओसॉर या नष्ट झालेल्या सागरी सरीसृपाचे शास्त्रीय वर्णन त्यांनीच केले. थोरले बंधू विल्यम जॉन हे धर्मविषयक ग्रंथकार होते. हेन्री यांनी मात्र स्थापत्य अभियांत्रिकीचा व्यवसाय पतकरला आणि १८४० नंतरच्या दशकात ते मुंबईत काम करू लागले. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘बोर्ड ऑफ कॉन्झर्व्हन्सी’ या नागरी मंडळाचे ते दुरुस्ती-अधीक्षक झाले. रस्ते, गटारे, तलाव व विहिरी यांची देखभाल या मंडळाकडे असल्याने शहराच्या सर्व व्यथा त्यांना जवळून पाहता आल्या. १८५२ मध्ये त्यांनी मुंबईची आरोग्यविषयक स्थिती व गरजा यांवर एक विस्तृत अहवाल लिहिला. तो १८५५ मध्ये मुंबई सरकारच्या दप्तरातील निवडक कागदपत्रांच्या मालेत प्रसिद्ध झाला. त्यानंतर विहार योजनेचा आराखडा त्यांनी तयार केला आणि तिचे सविस्तर वर्णन लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या कार्यवृत्तात १८५८ मध्ये प्रसिद्ध केले. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी रेल्वेचे पूल व चर्चवास्तू यांच्या रचनेचे काम केले.

मुंबईची पाणीटंचाई : मुंबई हे मूळचे बेट. तेथे बारमाही नदी नाही. चोहोबाजूंस समुद्र आणि जमिनीखाली फार खोलवर न जाणारा गोड्या पाण्याचा थर, अशी तिची स्थिती होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकांची भिस्त विहिरी व तलाव यांवर होती. धोबी तलाव, गोवालिया तलाव, दोन टाकी, खारा तलाव यांसारखी स्थळनामे त्या काळाची खूण म्हणून उरली आहेत. दानशूर नागरिकांनी पुष्कळ तलाव व विहिरी बांधून दिल्या. उन्हाळ्याच्या अखेरीस मात्र त्या आटत किंवा मचूळ होत, आणि पखालीतून पाणी वाहणाऱ्या भिस्त्यांचे दर वाढत.

शहराची वस्ती १८४९ च्या गणतीनुसार ५,६६,११९ होती. एवढ्या लोकांना, तसेच गोदी, लष्कर व जनावरे यांना पुरेल इतके पाणी बेटावर मिळणे अशक्य होते. १८४५ मध्ये टंचाईची तक्रार तीव्र झाली. साष्टी बेटावरील विहार गावाजवळ गोपर नदीचे खोरे अडवावे, ही कल्पना त्याच सुमारास पुढे आली आणि पुढे त्या खोऱ्याची पाहणीही झाली. म्हणजे विहारच्या जागेची कल्पना मूळची कॉनिबेअर यांची नव्हे. त्या कल्पनेला मोजमापांचा आधार देऊन ती बांधण्याजोगी करणे, हे त्यांचे कार्य होय. १८५४ मध्ये आणि पुन्हा १८५६ मध्ये पावसाने ओढ दिली, तेव्हा बाहेरून होड्यांतून पाणी आणून शहरात पुरवावे लागले आणि गुरे शहराबाहेर हलवावी लागली. यांपैकी १८५४ च्या संकटाने योजनेविषयीचा सरकारचा विलंब संपुष्टात आणला.

कोकणातील पूर्वपरंपरा : चार महिने मुसळधार पाऊस आणि आठ महिने कोरडे, हे कोकणच्या पाण्याचे मूळ गणित आहे. त्याचे उत्तर शोधण्याचे प्रयत्न ब्रिटिश अभियंत्यांपूर्वी कित्येक शतके या किनाऱ्यावर झालेले होते. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात, चहूकडे खारे पाणी असताना, दूध बाव, साखर बाव व दही बाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पावसाचे पाणी खडकाच्या फटींत मुरते व खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्याच्यावर थर धरून राहते, हे अशा विहिरींचे रहस्य होय. असा साठा गडावरील मर्यादित वस्तीला पुरतो. उपसा वाढला की समुद्राचे पाणी आत शिरते, आणि मुंबई बेटावर हीच अडचण होती.

दुसरा मार्ग मालवण तालुक्यातीलच धामापूर येथे दिसतो. दोन टेकड्यांमधील घळीच्या तोंडाशी मातीचा बांध घालून तेथील तलाव १५३० मध्ये निर्माण करण्यात आला, असे मानले जाते. त्याच्या पाण्यावर धामापूर व काळसे या गावांची शेती व बागायत चालत आली आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान्यता दिली. डोंगरांमधली अरुंद जागा निवडणे, तेथे मातीचा बांध घालणे आणि पावसाळ्यातील पाणी पुढील उन्हाळ्यासाठी अडविणे, ही धामापूरची तीन तत्त्वे विहारच्या योजनेतही आहेत. फरक आहे तो आकारमानाचा, पूर्वगणिताचा आणि नळातून दाबाखाली पाणी वाहून नेण्याचा.

विहार योजना : गोपर नदीचे पाणी मिठी नदीच्या मार्गाने माहीमच्या खाडीस मिळते. तिच्या उगमाजवळचे खोरे बशीसारखे असून त्याभोवती डोंगर आहेत. कॉनिबेअर यांचा आराखडा १८५५ मधील असून जानेवारी १८५६ मध्ये कामास प्रारंभ झाला. १८६० मध्ये शहराला विहारचे पाणी मिळू लागले. मूळ योजनेत जलाशयाचे क्षेत्र १,३९४ एकर (सु. ५६४ हेक्टर) आणि त्याबाहेरचे पाणलोट क्षेत्र सु. २,५५० एकर (सु. १,०३२ हेक्टर) होते, दोन्ही मिळून सु. १६ चौ. किमी. होतात.

या आकड्यांमागील तर्क सोपा आहे. त्या भागात वर्षाला सु. २.५ मी. पाऊस पडतो असे धरल्यास १६ चौ. किमी. क्षेत्रावर सु. ४,००० कोटी लि. पाणी पडते. त्यातील एक तृतीयांश जमिनीत मुरून व झाडाझुडपांत खर्ची पडून गेले तरी सु. २,७०० कोटी लि. जलाशयापर्यंत पोहोचते. जलाशयाची आजची उपयुक्त साठवण २,७६९.८ कोटी लि. आहे, म्हणजे खोरे आणि जलाशय यांचा मेळ चांगला बसलेला आहे. सुरुवातीच्या काळात विहारमधून शहराला रोज सु. ८० लाख गॅलन (सु. ३.६ कोटी लि.) पाणी मिळत असे. आठ कोरड्या महिन्यांत त्यासाठी ९०० कोटी लिटरांपेक्षा थोडे कमी पाणी लागते. याच काळात बाष्पीभवनाने जलाशयाची पातळी एक मीटरहून अधिक उतरते. तेवढे पाणीही हिशेबात धरावे लागते. ही वजाबाकी करूनही साठा शिल्लक राहतो आणि एखाद्या वर्षी पाऊस कमी झाल्यास तो उपयोगी पडतो. एका पावसाळ्याचे पाणी दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकले एवढ्याने भागत नाही. एक पावसाळा फसला तरी शहर तरले पाहिजे, हे तत्त्व येथे पाळलेले दिसते.

धरणांची रचना : विहारचे पाणी एका धरणाने अडत नाही. मुख्य धरण नदीच्या पात्रावर असून, त्याच्या माथ्यापेक्षा डोंगराची कड जेथे सखल होती तेथून पाणी निसटू नये म्हणून आणखी धरणे घालण्यात आली. मूळ तीन धरणांची लांबी अनुक्रमे ८३५, ५५५ व ९३६ फूट (सु. २५४, १६९ व २८५ मी.) आणि कमाल उंची ८४, ४२ व ४९ फूट (सु. २५.६, १२.८ व १४.९ मी.) होती. ती सर्व मातीची आहेत. मुख्य धरणाचा माथा २४ फूट (७.३ मी.) रुंद होता, पाण्याकडील उतार तीनास एक, तर बाहेरील उतार अडीचास एक होता. यावरून सर्वांत उंच जागी धरणाचा तळ सु. १४८ मी. रुंद भरतो. पाणी धरणाला लोटते. त्याला विरोध होतो तो या मातीच्या राशीच्या वजनाने.

तथापि साधी माती पाणी पूर्णपणे अडवीत नाही. म्हणून धरणाच्या मध्यभागी, पायापासून माथ्यापर्यंत, मळून घट्ट केलेल्या चिकणमातीची उभी भिंत घालण्यात येते. ही भिंत धरणाखालच्या अभेद्य थरात रुतलेली असावी लागते. ओली असेपर्यंत तीतून पाणी जवळजवळ झिरपत नाही. वाळली तर तिला भेगा पडतात. तिच्या दोन्ही बाजूंस असलेला मातीचा भराव तिला आधार देतो आणि ओलही टिकवितो. पाण्याच्या बाजूस दगडांचे अस्तर असते, त्यामुळे लाटांनी माती धुपत नाही. मातीच्या धरणाचा खरा शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. ते काही तासांत भराव कापून काढते. म्हणून जादा पाण्यासाठी पुरेसा रुंद सांडवा ठेवणे अत्यावश्यक ठरते.

या प्रकारच्या बांधकामातील धोका लवकरच इंग्लंडमध्ये दिसून आला. शेफील्डजवळचे डेल डाइक धरण याच पद्धतीचे, मातीचे व चिकणमातीच्या गाभ्याचे होते. ११ मार्च १८६४ च्या रात्री जलाशय प्रथमच भरत असताना ते फुटले आणि सु. २४० माणसे बुडाली. विहारची धरणे मात्र दीडशेहून अधिक पावसाळे सोसून कामात राहिली आहेत.

पाणी घेण्याची व वाहण्याची व्यवस्था : जलाशयातून पाणी काढण्यासाठी विहिरीसारखा पोकळ मनोरा उभारण्यात आला. त्याला सु. १६ फूट (४.९ मी.) अंतराने, एकाखाली एक अशी चार तोंडे होती, प्रत्येकाचा व्यास ४१ इंच (सु. १०४ सेंमी.) होता. तळाजवळचे पाणी गढूळ व कुजट असते आणि पृष्ठभागाजवळचे त्यामानाने स्वच्छ असते. म्हणून जलाशयाची पातळी उतरेल तसे वरचे तोंड बंद करून खालचे उघडावयाचे, अशी योजना होती. वापरात असलेल्या तोंडावर तांब्याच्या बारीक तारेच्या जाळीचा पिंजरा बसविला जाई. पाणी गाळण्याची एवढीच तरतूद मूळ योजनेत होती. वाळूच्या थरांतून निस्यंदन करण्याची सोय नव्हती. जाळीने पाने व किडे अडतात, पण रंग, वास व सूक्ष्मजंतू अडत नाहीत. रोगजंतूंविषयीचे ज्ञान त्या वेळी प्रस्थापित झालेले नव्हते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

जलाशयाची पातळी शहराच्या सर्वसाधारण पातळीपेक्षा सु. १८० फूट (सु. ५५ मी.) उंच असल्याने पंपाची गरज नव्हती. ३२ इंच (सु. ८१ सेंमी.) व्यासाच्या बिडाच्या नळातून पाणी सु. २२ किमी. अंतर तोडून शहरात येई. मात्र नळातून वाहताना घर्षणामुळे दाब घटतो. रोजचे ३.६ कोटी लि. पाणी अशा एकाच नळातून नेल्यास त्याचा वेग सेकंदाला सु. ०.८ मी. पडतो आणि नवीन, गुळगुळीत नळातही उपलब्ध उंचीचा सु. तिसरा हिस्सा घर्षणात खर्ची पडतो. नळ जुना होऊन आतून गंजला की ही हानी आणखी वाढते. यामुळे शहराच्या सखल भागात पाणी सहज पोहोचे, पण मलबार टेकडीसारख्या उंच जागी ते चढत नसे.

परिणाम व मर्यादा : विहारचे पाणी आल्याने शहराचे जीवन पालटले. मात्र योजना पुरी होते न होते तोच तिची अपुरी क्षमता ध्यानात आली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला आणि रोजगारासाठी माणसांचा लोंढा शहराकडे वळला. १८६४ च्या गणतीत वस्ती ८,१६,५६२ भरली. रोजचे ८० लाख गॅलन पाणी १८४९ च्या वस्तीला माणशी सु. ६४ लि. पडले असते, १८६४ च्या वस्तीला ते सु. ४५ लि. पडले. तेजी ओसरल्यावर वस्ती घटली (१८७२ मध्ये ६,४४,४०५), तरी नव्या योजनांची निकड संपली नाही. तुळशी जलाशय १८७९ मध्ये आणि तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले. अभियंत्याने वस्तीचे अनुमान किती वर्षे पुढचे करावे, या प्रश्नाचे पहिले कठोर उत्तर मुंबईला विहारने दिले.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती. रोज कोट्यवधी लिटर पाणी शहरात आले, पण ते बाहेर नेण्याची व्यवस्था तेवढ्या वेगाने झाली नाही. विहिरीतून काढलेले पाणी जपून वापरले जाई. नळाचे पाणी वाढत्या प्रमाणात सांडू लागले. उघड्या गटारांतून व सखल जागांतून ते साचले आणि जमिनीत मुरले. १८५२ च्या अहवालात कॉनिबेअर यांनी पाणी व गटारे या दोहोंचा विचार शहराच्या आरोग्याचे प्रश्न म्हणून केला होता. प्रत्यक्षात पैसा व निश्चय प्रथम पाण्याच्या वाट्याला आला. त्याच काळात लंडनमध्ये जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली भूमिगत मलवाहिन्यांचे विशाल जाळे बांधले जात होते. मुंबईत मलनिःसारणाचे मोठे काम पुढील दशकांत टप्प्याटप्प्याने झाले. १८९६ मध्ये प्लेगची साथ सुरू झाली तेव्हा जमिनीतील ओल व तुंबलेली गटारे यांवर अनेकांनी ठपका ठेवला. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे पुढे सिद्ध झाले. तरी कोंदट व घाणेरड्या वस्त्यांत उंदीर माजतात, हेही तितकेच खरे.

नळाच्या पाण्याचा एक लाभ मात्र उशिरा ध्यानात आला. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाची चौकशी करून १९११ मध्ये अहवाल दिला. शहरातील विहिरींमध्ये हिवताप पसरविणाऱ्या डासांची पैदास होते, असे त्यात दाखविण्यात आले. विहिरी बुजविणे वा झाकणे शक्य झाले, याचे कारण त्यांना पर्याय म्हणून नळ घरोघर पोहोचले होते.

इतर कार्य : वास्तुशिल्पज्ञ म्हणूनही कॉनिबेअर यांचे कार्य मुंबईत उभे आहे. १८३८–४२ च्या पहिल्या अफगाण युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कुलाब्यात बांधलेले सेंट जॉन चर्च (अफगाण चर्च) त्यांच्या आराखड्यानुसार झाले. १८४७ मध्ये त्याची पायाभरणी, १८५८ मध्ये समर्पण आणि १८६५ मध्ये मनोऱ्याची पूर्तता झाली. आरंभीच्या इंग्लिश गॉथिक शैलीचे हे भारतातील एक उत्तम उदाहरण समजले जाते. इंग्लंडमध्ये हँपशरमधील इचेन स्टोक येथील चर्च (१८६६) त्यांनी आपल्या धर्मोपदेशक बंधूंसाठी रचले. वेल्समधील ब्रेकन व मर्थर रेल्वेमार्गावरील केव्हन कोएड येथील अनेक कमानींचा दगडी पूल (१८६६) अलेक्झांडर सदरलँड व कॉनिबेअर या दोघांच्या नावे ओळखला जातो.

मूल्यमापन : मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांची एकूण उपयुक्त साठवण आज १,४४,७३६.३ कोटी लि. आहे, तीत विहारचा वाटा दोन टक्क्यांहूनही थोडा कमी आहे. तरीही डोंगरात पाणी अडवून ते गुरुत्वाने शहराकडे आणण्याचा जो मार्ग विहारने घालून दिला, त्याच मार्गाने शहर तानसा, वैतरणा व भातसा यांच्यापर्यंत गेले. विहार व पवई जलाशयांचा सांडवा मिठी नदीत उतरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, तेव्हा भराव व बांधकामे यांनी आकसलेल्या मिठीच्या पात्राबाहेर पाणी पसरून मोठी जीवितहानी झाली. पाणी आणणे व पाणी काढून देणे यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, हे १८५२ च्या अहवालातून निघणारे सूत्र दीडशे वर्षांनंतर त्याच खोऱ्याच्या खालच्या अंगास पुन्हा प्रत्ययास आले. कॉनिबेअर यांच्या कार्याचे महत्त्व केवळ त्यांनी बांधविलेल्या धरणांत नसून, शहराच्या पाण्याकडे एक सलग व्यवस्था म्हणून पाहण्याच्या त्यांच्या दृष्टीत आहे.